जोडीदाराची कंपनी परराज्यात चालली आणि नोकरी जाणार असेल तर: पहिल्या कुजबुजीपासून फायनल हिशेबापर्यंत

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, अंबरनाथ या कारखान्यांच्या पट्ट्यांतल्या घरांना ही बातमी सरळ कधीच कळत नाही. आधी एखादी लाइन बंद होते. मग मशीनवरचे साचे आणि पकडी रात्रीच्या गाडीत भरल्या जातात, ओव्हरटाइम थांबतो, कँटीनमध्ये कुणी गुजरातमधल्या साणंदचं नाव घेतं तर कुणी तमिळनाडूतल्या होसूरचं. नोटीस बोर्डावर कागद लागेपर्यंत घरातल्या माणसाची झोप उडालेली असते.

माझा नवरा चाकणच्या एका कारखान्यात पर्मनंट होता. कारखाना गुजरातला गेला, आम्ही गेलो नाही. मी पतसंस्थेत काम करते, त्यामुळे आकडे आणि कागद माझ्या रोजच्या हातातले. त्या काळात आणि नंतरही आसपासच्या बऱ्याच घरांचे हिशेब माझ्याकडे आले. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: नोकरी एकाची जाते, पण निर्णय दोघांचा असतो, आणि कागदाची बाजू जोडीदाराने हातात घेतली तर घराचं नुकसान खूप कमी होतं. कामावरचा माणूस त्या दिवसांत गेट मीटिंग, अफवा आणि अपमान यांत अडकलेला असतो. पे स्लिपा शोधायला त्याच्याकडे डोकं शिल्लक राहत नाही. म्हणून हा लेख घरातल्या दुसऱ्या माणसासाठी आहे, मग ती बायको असो वा नवरा.

कुजबुज असतानाच कागद जमवा

नोटीस यायची वाट बघू नका. एकदा गेट बंद झालं की आतला कागद बाहेर काढणं फार अवघड जातं, आणि कंपनीचं पोर्टल शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतं.

सगळ्यात आधी नेमणूकपत्र शोधा. त्यात बदलीचं कलम आहे का, हे शब्द न शब्द वाचा. ‘कंपनीच्या भारतातील कोणत्याही ठिकाणी’ असं लिहिलं असेल तर कंपनीची बाजू भक्कम होते. कलम नसेल किंवा फक्त त्या कारखान्याचं नाव असेल तर तुमची. त्यानंतर कन्फर्मेशनचं पत्र, प्रत्येक पगारवाढीचं पत्र, युनियनच्या शेवटच्या कराराची प्रत आणि जमतील तितक्या पे स्लिपा घ्या, निदान शेवटच्या एक वर्षाच्या तरी. रजेची शिल्लक दाखवणाऱ्या पडद्याचा तारखेसह फोटो काढा. फंडाचं, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचं (पीएफ), पासबुक डाउनलोड करून ठेवा. फंडात रुजू झाल्याची तारीख नेमणूकपत्राशी जुळते का, हे आत्ताच तपासा. आधारवरचं नाव आणि फंडातलं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी दावा अडकतो, आणि कंपनीचं ऑफिस इथे चालू आहे तोवर ती दुरुस्ती तुलनेने लवकर होते.

सुरुवातीची काही वर्षं ट्रेनी किंवा कंत्राटदाराच्या नावावर गेली असतील तर त्या काळाचे पुरावेही शोधा: जुनं ओळखपत्र, ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) नंबर, बँकेत आलेला पगार. सर्व्हिस किती वर्षं धरायची यावर पुढे मोठी रक्कम अवलंबून असते.

कंपनी का हलते आहे, याचीही माहिती काढा. ज्या मोठ्या वाहन कंपनीला माल जातो ती हलली म्हणून सुटे भाग करणारा मागे जातो, असं पुष्कळदा होतं. कधी दुसऱ्या राज्याच्या सवलती असतात. आणि कधी इथल्या जमिनीला एवढा भाव आलेला असतो की कारखान्यापेक्षा प्लॉट महाग ठरतो. शेवटच्या प्रकारात मालकाला जागा लवकर मोकळी हवी असते. अशा वेळी कामगारांनी घाई केली नाही तर रक्कम वाढते.

राजीनामा लिहून देऊ नका

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

बहुतेक ठिकाणी पद्धत एकच असते. एकेकाला एच.आर.च्या केबिनमध्ये बोलावतात. टेबलावर छापील कागद तयार असतो, खाली नाव आणि टोकन नंबर, वर मजकूर: ‘मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ शेजारी चेक ठेवलेला असतो, रक्कम दिसेल असा. ‘आज सही केली तर एवढे, उद्या आलात तर याची गॅरंटी नाही’ असं सांगितलं जातं. माणूस घामाघूम होऊन सही करून बाहेर येतो.

त्या एका सहीने काय जातं ते बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे कंपनीने कामगाराला कमी केलं तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्या महिन्याचा पगार द्यावा लागतो, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागते. ३०० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात नोटीस तीन महिन्यांची असते आणि सरकारची पूर्वपरवानगी लागते. कारखाना बंदच करायचा असेल तर ५० पासून पुढच्या कामगारसंख्येला सरकारला ६० दिवस आधी कळवावं लागतं. ३०० आणि पुढे असेल तर ९० दिवस आधी परवानगीचा अर्ज करावा लागतो. शिवाय कमी केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत, म्हणजे नवं कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीत, भरायची असते, आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायला हवी.

राजीनामा दिला की कपात, म्हणजे कंपनीने कामगाराला कमी करणं, झालीच नाही असं कागदावर होतं. नोटीस नाही, कपातीची भरपाई नाही, निधी नाही. ईएसआयचा बेकारी भत्ताही जातो. स्वेच्छानिवृत्ती, म्हणजे व्हीआरएस, हीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने कपात नसते. म्हणून व्हीआरएस घेऊच नये असं मी म्हणत नाही. कित्येकदा तीच रक्कम सगळ्यात मोठी असते. पण आधी कायद्याने किती मिळालं असतं ते कागदावर मांडा आणि त्याच्याशी तुलना करा.

केबिनमध्ये बोलावल्यावर म्हणायचं वाक्य घरी ठरवून ठेवा. आमच्याकडे ठरलं होतं: ‘कागद द्या, घरी वाचून, युनियनशी बोलून उत्तर देतो.’ एवढंच, दुसरा शब्द नाही. वाद घालायचा नाही, चिडायचं नाही. कागद घरी द्यायला नकार दिला तर तोच नकार व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर नोंदवून ठेवायचा: ‘आज दुपारी मला अमुक कागदावर सही करण्यास सांगितले, प्रत मागितली, मिळाली नाही.’

हे सगळे हक्क ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांचे आहेत. व्यवस्थापक आणि प्रशासकीय अधिकारी त्यात येत नाहीत. सुपरवायझरचं काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणाराही येत नाही. मात्र कार्डावर ‘एक्झिक्युटिव्ह’ किंवा ‘ऑफिसर’ छापलंय एवढ्यावरून काही ठरत नाही. प्रत्यक्षात तो माणूस हाताने किंवा तांत्रिक काम करत होता की इतरांवर देखरेख, हे बघितलं जातं. नुसतं पदाचं नाव ऐकून माघार घेऊ नका, वकिलाला काम समजावून सांगा. जे खरंच बाहेर पडतात, उदाहरणार्थ आयटीतले मॅनेजर, त्यांचा आधार नेमणूकपत्रातला नोटीस पिरियड आणि वाटाघाटी एवढाच. तरीही ‘वैयक्तिक कारण’ लिहून देऊ नये. ‘कार्यालय स्थलांतरित झाल्याने’ असं कारण कागदावर आलं की पुढच्या मुलाखतीतही ते उपयोगी पडतं.

कंत्राटी कामगारांना या सगळ्यात कुणी विचारत नाही, आणि पुष्कळदा त्यांचीच संख्या जास्त असते. तुमचा माणूस कंत्राटदाराकडे असेल तर निदान थकलेला पगार, फंड आणि ईएसआयचा भरणा तपासा. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

बदलीचं पत्र आलं तर गप्प बसू नका

काही कंपन्या कपात करतच नाहीत. सगळ्यांना नव्या ठिकाणच्या बदलीचं पत्र देतात, पंधरा दिवसांत रुजू व्हा म्हणतात, आणि जो जाणार नाही तो स्वतःहून नोकरी सोडून गेला असं दाखवतात. इथे उत्तर न देणं फार महागात पडतं. पत्राला लेखी उत्तर द्या, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, आणि पोचपावती जपा. मजकूर साधा असू दे:

‘आपल्या दिनांक ... च्या पत्राने मला ... येथे रुजू होण्यास कळविले आहे. मी येथील कारखान्यात कामावर हजर असून काम करण्यास तयार आहे. बदलीबाबत निर्णय घेण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात: माझी सर्व्हिस मूळ रुजू तारखेपासून सलग धरली जाईल का, पगार, ग्रेड व करारातील सवलती कायम राहतील का, प्रवास, सामान व निवासाचा खर्च कोण देईल, येथील कारखाना बंद होत आहे का, आणि मी येऊ न शकल्यास कायद्यानुसार कोणती देणी दिली जातील.’

एवढ्या पत्राने तो माणूस गैरहजर नव्हता आणि नकारही देत नव्हता, हे सिद्ध राहतं. पत्र पाठवायच्या आधी युनियनला किंवा कामगार न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. ओळखीतल्या जमिनीच्या किंवा घटस्फोटाच्या वकिलाकडे जाऊ नका, हा विषय वेगळा आहे. बोलणी फिसकटली तर कामगार आयुक्तालयात समेटासाठी अर्ज करता येतो. अर्ज लांबवू नका, एकट्या कामगाराच्या तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि पहिल्या काही महिन्यांत पुरावे ताजे असतात.

लढायचं का, हा प्रश्न मात्र घरच्या डब्यात किती महिन्यांचं धान्य आहे त्यावर ठरतो. तळेगावला जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवलं. कामगारांचा वाद त्यानंतरही दीर्घकाळ चालला, आणि तो प्रकल्प घेण्याचा ह्युंदाईचा करार २०२३ मध्ये झाला. सगळे मिळून लढत असतील आणि घरात दुसरा पगार असेल तर थांबण्यात अर्थ आहे. एकट्याने, कर्जाचे हप्ते अंगावर घेऊन, पाच-सात वर्षं तारखा करणं माझ्या मते शहाणपणाचं नाही. चांगली तडजोड मिळत असेल तर घ्यावी.

हिशेब स्वतः मांडा

कंपनीचा कागद यायच्या आधी तुमचा कागद तयार हवा. एक उदाहरण घेऊ. एकूण पगार महिना ५२,००० रुपये, त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून २०,०००, बाकी ३२,००० इतर भत्ते, सर्व्हिस १४ वर्षं.

नव्या संहितांमध्ये वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो. इथे निम्मे म्हणजे २६,०००. भत्ते त्याहून ६,००० ने जास्त. म्हणून वेतन २०,००० नव्हे तर २६,००० धरायचं. कंपनीचा क्लार्क जुन्या सवयीने फक्त बेसिक-डीए धरतो. तिथेच हिशेब थांबवा आणि विचारा.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना सर्व्हिसच्या वर्षांवर मिळणारी रक्कम: २६,००० भागिले २६ गुणिले १५, म्हणजे वर्षाला १५,०००. चौदा वर्षांचे २,१०,००० रुपये. पाच वर्षं सलग सर्व्हिस झाली असली पाहिजे. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असेल तर एक वर्ष पुरतं. रक्कम ३० दिवसांत मिळायला हवी, उशीर झाला तर व्याज लागतं.

कपातीची भरपाई: इथे पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना धरायचा, म्हणून १३,००० गुणिले १४, म्हणजे १,८२,०००. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. कुणाची सर्व्हिस तेरा वर्षं आठ महिने असेल तरी चौदाच धरा.

त्यात नोटिशीचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, चालू वर्षाचा बोनस, पुनर्कौशल्य निधीची रक्कम आणि करारातला थकलेला फरक मिळवा. राहिलेला पगार शेवटच्या दिवसापासून दोन कामकाजाच्या दिवसांत देणं बंधनकारक आहे. ही झाली कायद्याची किमान रक्कम. कंपनी जे वर देते ते वाटाघाटीचं. बैठकीत ‘आम्ही तुम्हाला सहा लाख देतोय’ असं ऐकलं की पहिला प्रश्न हाच: त्यात ग्रॅच्युइटी आणि रजा धरल्यात का? पुष्कळदा तुमचेच पैसे भेट म्हणून सांगितले जातात.

आयकराचं थोडक्यात. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत, खासगी नोकरीतल्या शिल्लक रजेचे पैसे २५ लाखांपर्यंत आणि कपातीची भरपाई ५ लाखांपर्यंत करमुक्त असते. व्हीआरएसलाही अटींसह ५ लाखांची सवलत आहे, पण ती आयुष्यात एकदाच. त्याच्या वरची सानुग्रह, म्हणजे मालकाने आपणहून दिलेली, रक्कम पगारासारखी करपात्र. म्हणून कोणती रक्कम कोणत्या नावाखाली लिहिली आहे याला महत्त्व आहे, आणि ते सही करण्याआधी बदलून घ्यायचं असतं.

फंडाला हात लावायच्या आधी

नोकरी गेली की पहिला सल्ला मिळतो, ‘फंड काढून टाक.’ थांबा. शेवटच्या दिवसाची नोंद कंपनीने पोर्टलवर केली का, ते बघा. केली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी सभासदाला ती स्वतः करता येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या (फंड सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या) विश्वस्त मंडळाने ठरवलेल्या नियमांप्रमाणे बेकारीत ७५ टक्के रक्कम लगेच आणि उरलेली बारा महिन्यांनंतर काढता येईल. अर्ज करताना पोर्टलवर त्या दिवशी काय लागू आहे ते वाचा. काढली नाही तरी व्याज चालू राहतं. सर्व्हिस पाच वर्षांपेक्षा कमी असताना काढली तर कर लागू शकतो.

पेन्शनचा भाग तर फारच जपा. एकूण दहा वर्षं झाली की ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क मिळतो. आठ-नऊ वर्षं झालेले तरुण थोड्या रकमेसाठी हा भाग काढून मोकळे होतात आणि पुन्हा शून्यापासून सुरू करतात. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या वर्षांची नोंद असलेलं प्रमाणपत्र, घ्या, जुनी वर्षं पुढच्या नोकरीत जोडली जातात.

औषधपाणी बंद पडू देऊ नका

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. आईवडील त्यात असतील तर ही नोकरी जाण्याइतकीच मोठी बाब आहे. शेवटच्या दिवसाच्या पुरेसं आधी त्याच विमा कंपनीला लेखी विचारा की वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळेल का. जुन्या आजारांवर खर्च मिळण्याआधी जो प्रतीक्षा काळ असतो, त्यातली झालेली वर्षं टिकवण्याची तीच वाट आहे. मोतीबिंदूचं किंवा गुडघ्याचं ठरलेलं ऑपरेशन असेल तर आधी उरकून घ्या.

ज्यांचं वेतन २१,००० रुपयांपर्यंत होतं आणि ईएसआय कापला जात होता, त्यांच्यासाठी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. कारखाना बंद झाल्याने किंवा कपातीने नोकरी गेली आणि दोन वर्षांचा भरणा असेल तर पहिले बारा महिने सरासरी वेतनाच्या ५० टक्के, पुढचे बारा महिने २५ टक्के भत्ता मिळतो, आणि त्या काळात कुटुंबाला ईएसआयचे उपचारही. यासाठी कंपनीकडून कपातीचं पत्र लागतं. राजीनामा का देऊ नये, याचं हे आणखी एक रोख कारण. शिवाय रेशन कार्ड अद्ययावत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात.

जायचं की राहायचं

हा निर्णय पगाराच्या आकड्यावर घेतला की फसतो. वरच्या उदाहरणातल्या माणसाला कंपनी नव्या ठिकाणी ५,००० वाढवून देते आहे. बायको इथे १८,००० कमावते आणि तिची नोकरी सुटेल. म्हणजे भाडं, शाळेचा प्रवेश, सामान, गावी येण्या-जाण्याचा खर्च धरायच्या आधीच घर महिना १३,००० ने मागे आहे. इथल्या फ्लॅटचा हप्ता चालू असेल आणि तो भाड्याने दिला, तर भाडं बहुधा हप्त्याला पुरत नाही. ती भरही तुम्हालाच घालावी लागेल. तो एकटा गेला तर दोन स्वयंपाकघरं चालतात: तिकडे खोली, मेस, महिन्याला एक फेरी. हे सगळं एका कागदावर दोन रकाने करून लिहा. जोडीदाराच्या पगाराचा आकडा त्यात सोडून देण्याची आपल्याकडे फार सवय आहे. विशेषतः बायकोची नोकरी ‘ती काय, तिकडे मिळेल दुसरी’ अशी धरली जाते. मिळेल की नाही, ते आधी तिकडे जाऊन बघा.

मुलांच्या बाबतीत इयत्ता महत्त्वाची. चौथी-पाचवीपर्यंतचं मूल रुळतं. गुजरातमध्ये २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती आणि तमिळनाडूत २००६ च्या कायद्याने दहावीपर्यंत तमिळ शिकावी लागते, शाळेत आधी चौकशी करा. नववीनंतर मात्र मी हलवू नका असंच म्हणेन. बोर्डाची नोंदणी झालेली असते, आणि एक गोष्ट पुष्कळ पालकांना फार उशिरा कळते: महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागतात. सरकारी नोकरांच्या बदलीला मिळणारी सवलत खासगी कंपनीच्या बदलीला नाही. जातीच्या आरक्षणाचा लाभही मूळ राज्यातच मिळतो. डॉक्टर व्हायचं म्हणणारी मुलगी घरात असेल तर हा मुद्दा पगारवाढीपेक्षा जड आहे.

पन्नाशी ओलांडलेल्या, कर्ज फिटलेल्या, मुलं मार्गी लागलेल्या घरांनी जाण्याचा विचार जरूर करावा. त्या वयात इथे तसा पगार पुन्हा मिळणं कठीण असतं, आणि सलग सर्व्हिसची ती शेवटची वर्षं ग्रॅच्युइटी आणि पेन्शन दोन्ही वाढवतात. जायच्या आधी दोघांनी मिळून दोन दिवस तिथे राहून या.

पैसे आल्यावर

खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की ती आपली वाटत नाही, सगळ्यांची वाटते. पतसंस्थेत मी हे नेहमी बघते. मेहुण्याचा टेम्पो, गावच्या घराचा स्लॅब, कुणाची तरी दामदुप्पट योजना, आणि अलीकडे मोबाईलवरचं ट्रेडिंग. पहिले तीन महिने एकही मोठा व्यवहार करायचा नाही, असं दोघांनी ठरवून टाका आणि नाही म्हणायची जबाबदारी जोडीदाराने घ्यावी. ‘पैसे हिच्या नावावर ठेवलेत, तीच बघते’ हे वाक्य नवऱ्याला फार सोपं जातं.

आठ-नऊ महिन्यांचा किमान खर्च आणि हप्ते यांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि तिथून दर महिन्याच्या पगाराच्या तारखेला ठरलेला आकडा घरखर्चाच्या खात्यात घ्या. महागडी कर्जं, म्हणजे क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोन, आधी फेडा. घराचं कर्ज घाईने फेडू नका. हातातली रोकड जास्त मोलाची आहे. हप्ता जमणार नाही असं दिसलं तर तो चुकायच्या आधी बँकेत जा. ९० दिवस थकलं की खातं बुडीत वर्गात जातं, त्यानंतर बँकेच्या माणसालाही फार काही करता येत नाही. आधी गेलात तर मुदत वाढवून हप्ता कमी करण्यावर बोलता येतं.

घरातला माणूस

पहिला सोमवार सगळ्यात जड असतो. वर्षानुवर्षं पावणेसहाच्या बसला जाणारा माणूस पाचला उठून बसतो आणि कुठे जायचं ते त्याला कळत नाही. त्याला लगेच कामाला लावू नका, आणि ‘आता घरातच आहेस तर’ म्हणून सगळी बिलं आणि किराणा त्याच्यावर ढकलूही नका. दोन-तीन आठवडे जाऊ द्या. त्यानंतर मात्र दिवसाला आकार हवा: सकाळी अमुक वेळेला अर्ज आणि फोन, दुपारी घराचं एक ठरलेलं काम, संध्याकाळी बाहेर फेरी.

नोकरीबद्दल विचारायची वेळ दिवसातून एकच ठेवा. आमच्याकडे रात्रीच्या जेवणानंतरची होती. दिवसभर येता-जाता ‘फोन आला का?’ असं विचारलं की त्या माणसाला घरातही हजेरी द्यावी लागते असं वाटतं. मुलांना खरं सांगा, वयाला झेपेल तेवढं: बाबांची कंपनी दुसऱ्या गावाला गेली, बाबा नवीन काम शोधताहेत, तुझी शाळा बदलणार नाही. सासू-सासऱ्यांपासून लपवू नका. त्यांना सोसायटीतून कळलं तर जास्त लागतं. ‘सुट्टीवर आहेत का?’ असं शेजारी विचारतात तेव्हा दोघांचं उत्तर सारखं असू दे.

जेवण सुटलं, दारू वाढली, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर तो राग किंवा आळस समजू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. स्वतः जोडीदारानेही फोन केला तर चालतो.

पुढची नोकरी शोधताना

जुन्या कंपनीतून निघताना अनुभवाचं प्रमाणपत्र घ्या आणि त्यात कोणत्या मशीनवर, कोणत्या कामावर किती वर्षं, हे लिहून घ्या. ‘ऑपरेटर’ एवढ्या शब्दाला बाजारात किंमत नाही. ‘सीएनसी टर्निंग सेंटर, सेटिंगसह’ याला आहे. पुनर्कौशल्य निधीचे पैसे किराण्यात जिरू देऊ नका, आयटीआयचा किंवा खासगी संस्थेचा एखादा छोटा कोर्स त्यातून होतो. माल पुरवणाऱ्या आणि माल घेणाऱ्या कंपन्यांतली माणसं आठवून त्यांना फोन करा, चाकणसारख्या ठिकाणी पुष्कळ नोकऱ्या अशाच ओळखीवर मिळतात. पगार पहिल्याइतका मिळेलच असं नाही. कमी पगाराची पण फंड, ईएसआय असलेली नोकरी जास्त रोख देणाऱ्या तोंडी कामापेक्षा बरी, कारण पेन्शनची वर्षं जोडली जातात.

आणि एक अधिकार बहुतेकांना माहीतच नसतो. कपात केल्यापासून एका वर्षाच्या आत त्याच मालकाला पुन्हा माणसं घ्यायची असतील तर कपात झालेल्या भारतीय कामगारांना आधी संधी द्यावी लागते. इथला एखादा विभाग, गोदाम किंवा दुसरं युनिट चालू राहत असेल तर याचा उपयोग होतो. त्यासाठी कंपनीकडे तुमचा चालू पत्ता आणि मोबाईल नंबर हवा. घर बदललं किंवा नंबर बदलला तर त्याच आठवड्यात स्पीड पोस्टाने कळवा आणि पोचपावती फाइलमध्ये लावा.